पब्लिक डिफेंडरची नोकरी आणि डोक्यावरचं कर्ज

अगं, नोकरी मिळाली म्हणून आधी अभिनंदन! अमेरिकेत लॉ स्कूलचं कर्ज घेऊन पब्लिक डिफेंडर, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींचा सरकारी खर्चाने बचाव करणारी वकील, व्हायचं म्हणजे घरच्यांच्या पोटात गोळा येणारच. माझ्याही आईच्या आला होता.

पहिलं काम म्हणजे कर्ज कुठलं आहे ते बघ. २००७ च्या कायद्याने आलेली सार्वजनिक सेवेची कर्जमाफी फक्त फेडरल 'डायरेक्ट लोन'ला, म्हणजे केंद्र सरकारने थेट दिलेल्या कर्जाला, लागू होते. व्याज कमी पडतं म्हणून खासगी बँकेकडे रिफायनान्स केलंस, म्हणजे तिचं नवं कर्ज घेऊन हे फेडलंस, की माफी गेलीच, ती परत मिळत नाही. सरकारी किंवा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा, संस्थेत आठवड्याला किमान ३० तास काम आणि परतफेडीच्या पात्र योजनेखाली १२० मासिक हप्ते, मग उरलेलं कर्ज माफ, असा हिशोब. हप्ते सलग नसले तरी चालतात.

नोकरीचा दाखला देणारा फॉर्म मात्र दर वर्षी भर. मी आळस केला आणि चार वर्षांनी मोजणीत अकरा हप्ते गायब! जुन्या पगाराच्या स्लिपा आणि डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारे फॉर्म) बुटांच्या खोक्यात होते म्हणून वाचले. तेव्हापासून नोकरी बदलताना निरोपाच्या केकआधी एचआरची सही घेते.

तुझ्या लॉ स्कूलची स्वतःची मदत योजना आहे का, तेही विचार. बऱ्याच ठिकाणी ती आधी कर्ज म्हणून देतात आणि वर्षभर नोकरी टिकवली की माफ करतात. लग्न झालं असेल तर नवऱ्याचं उत्पन्न धरतात का, हे आधीच विचारून घे.