मेक्सिकोत हस्तकला आणि खाणं पाहायला 10 दिवस जायचं आहे. कुठे जावं, आणि वस्तू घेताना घासाघीस किती करावी?

'निम्म्या किमतीपासून सुरुवात कर' असं मित्राने सांगितल्याचं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. बाकीचं नंतर सांगते, आधी हे. बनवणाऱ्याच्या घरात उभं राहून भाव करू नका. अजिबात करू नका.

मी येवल्याची. वडील पैठणी विणायचे. रेशीम, जर सगळं व्यापाऱ्याचं, आमची फक्त मजुरी. साडी द्यायला गेलं की शेठ पदर उलटा करून बोट फिरवायचे, एखादी गाठ सापडली की मजुरीतून कापायचे. वडील 'बरं' म्हणायचे. जूनमध्ये तर हमखास, कारण आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच निघायचे आणि ते शेठना माहीत असायचं.

2019 च्या नोव्हेंबरात बहीण, दाजी आणि मी भाच्याकडे ह्यूस्टनला गेलो होतो. तिथून चौघं दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात गेलो. शहरापासून 30 किलोमीटरवर तेओतित्लान देल व्हाये नावाचं झापोतेक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव आहे, लोकरीच्या सतरंज्यांसाठी प्रसिद्ध. भाच्याला कामापुरतं स्पॅनिश येतं म्हणून टूरच्या बसने न जाता आम्ही शेअर टॅक्सीने गेलो आणि एका विणकराच्या घरी पोचलो. अंगणात निवडुंगाचे फड टांगलेले, त्यावर बुरशीसारखे पांढरे ठिपके. तो कोचिनीयलचा किडा. वाळवलेले किडे त्याने पाट्यावर रगडले, चिमूटभर पूड माझ्या तळहातावर ठेवली आणि दोन थेंब पाणी घातलं. गडद लाल. वरून लिंबू पिळलं तर शेंदरी झाला. मग सोडा टाकला, जांभळा! हाच रंग स्पॅनिश लोकांनी जहाजं भरभरून युरोपला नेला. मेक्सिकोतून निघणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल याचा नंबर होता. कृत्रिम रंग आले आणि तो धंदा बसला. माझ्या नखाच्या कडेला तो रंग दोन दिवस होता.

मग त्याने सतरंजी अंथरली आणि मी सवयीने तिचं टोक उलटं केलं. खालची बाजू हुबेहूब वरच्यासारखी. एकही लोंबता धागा नाही. पैठणीच्या पदराचं काम असंच असतं. प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपापल्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात अडकून परत फिरतो, म्हणून उलट-सुलट सारखं. आमच्याकडे कांड्या असतात, तो लोकरीच्या छोट्या लडी बोटांनी घालत होता. मी मोबाईलवर वडिलांनी विणलेल्या पदराचे दोन फोटो दाखवले, एक सुलट, एक उलट. त्याने बायकोला हाक मारली. ती लोकर पिंजत होती, हात पुसत आली, फोटो मोठा करून मोराच्या मानेपाशी थांबली आणि झापोतेक भाषेत नवऱ्याला काहीतरी म्हणाली. काय ते भाच्यालाही कळलं नाही. मला कळल्यासारखं वाटलं.

सतरंजी साधारण तीन फूट बाय दोन फूट. लोकर धुण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत तीन आठवडे लागले, असं तो म्हणाला. सांगितले 3,200 पेसो. दाजींनी 1,600 पासून सुरुवात केली. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी विणकराने बायकोकडे पाहिलं, तिने मान हलवली आणि 2,200 ला सौदा झाला. त्या दोघांचं ते 'बरं' मी लहानपणापासून ऐकत आलेय. तरी मी गप्प बसले. दाजी वडीलधारे, परक्यासमोर त्यांना कसं बोलायचं, म्हणून. ते अजून सलतं.

दाजींचं म्हणणं असं, 'परवडलं नसतं तर दिलं नसतं.' दर दिवाळीला हा वाद होतो. माझं उत्तर तेच आहे. 'हो' म्हणणं आणि परवडणं यात फरक असतो. त्या दिवशी त्या अंगणात आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, एवढाच त्या 'हो'चा अर्थ. हजार पेसो म्हणजे तेव्हाचे साधारण पावणेचार हजार रुपये. चौघांच्या विमानाच्या तिकिटांपुढे ते किती होते? परवडत नसेल तर लहान तुकडा घ्या, नाहीतर नुसतं बघून या, ते आनंदाने दाखवतात.

आता तुमचे 10 दिवस. मेक्सिको सिटीला तीन पुरे. त्यातला एक पूर्ण मानववंशशास्त्र संग्रहालयाला द्या आणि दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराची भित्तिचित्रं चुकवू नका. बाकी सगळे ओआहाकाला. सान बार्तोलो कोयोतेपेक गावची काळी मडकी बघा. दोन्या रोसा नावाच्या बाईंनी 1950 च्या दशकात भाजण्याआधी गारेच्या दगडाने घोटायची युक्ती काढली, त्यातून ती चकाकी आली. रविवार त्लाकोलुलाच्या आठवडी बाजारासाठी राखून ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर तिथला मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, मुरवून मग दळतात. म्हणूनच पीठ चिकट होतं आणि तोर्तिया, म्हणजे तिथली मक्याची पातळ भाकरी, तुटत नाही. काळा मोले, म्हणजे मिरच्या आणि बियांचा घट्ट रस्सा, खाच. त्यात मिरच्या आणि बिया जवळजवळ जाळून घेतात, चॉकलेटही पडतं, पण गोड नसतो. 'अलेग्रिया' दिसली तर ती आपली राजगिऱ्याची चिक्कीच समजा, राजगिरा मूळ तिकडचाच. मी शाकाहारी नाही, त्यामुळे शाकाहारी काय मिळेल या तुमच्या शंकेचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण त्लायुदावर (मोठी कुरकुरीत तोर्तिया) आणि घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असते आणि मोलेत बहुधा कोंबडीचा रस्सा, एवढं लक्षात ठेवा. 'सिन मांतेका' म्हणजे चरबी नको, हे दोन शब्द पाठ करा.

एक राहिलं. बाजारातल्या स्टॉलवर चुंबकं, पिशव्या घेताना खुशाल भाव करा, तिथे विकणारा बहुधा बनवणारा नसतो. दोन वस्तू घेतल्यावर विणकर आपणहून कमी करत असेल तर नाही म्हणू नका. आणि सगळ्या सतरंज्या नैसर्गिक रंगाच्या नसतात. रासायनिक रंगाचीही चांगली असते, फक्त किंमत त्या हिशोबाने असावी, म्हणून आधी विचारा.

आणताना घडी घालू नका, गुंडाळून आणा. लोकरीला कसर लागते, अधूनमधून वारा द्यावा लागतो. नाशिकला दाजींच्या दिवाणखान्यातली ती सतरंजी दर दिवाळीआधी मीच गच्चीवर नेऊन झटकते, दोन्ही बाजूंनी.