जुन्या एक्सपीवर नवीन पायथन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: सर नमस्कार, आमची शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. लॅबमधल्या स्पेक्ट्रोमीटरला (धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र) जोडलेला पीसी अजून विंडोज एक्सपीवरच आहे कारण आतल्या पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कधी आलाच नाही, आणि एका ड्रायव्हरपायी अख्खं मशीन बदलणं आम्हाला परवडत नाही. प्रत्येक हीटचं, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक खेपेचं, रीडिंग सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) पडतं, ते उचलून ऑफिसच्या सर्व्हरला पाठवायची स्क्रिप्ट भाच्याने पायथनमध्ये लिहून दिलीय. त्याच्या लॅपटॉपवर झकास चालते. इथे पेन ड्राईव्हने पायथन ३.११ टाकलं तर 'नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन' एवढंच येतं. भाचा म्हणतो पायथन एक्सपीवर पोर्ट करता येईल, म्हणजे त्याचा कोड बदलून एक्सपीवर चालेल असं बांधता येईल. खरंच होतं का हे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: होतं. पण तुम्हाला त्याची गरज आहे का ते आधी बघू, कारण तुमचं काम पोर्ट न करताच भागेल असं मला वाटतं.

आधी तो मेसेज. फाईल बिघडलीय असं वाटतं ते वाचून, तसं काही नाहीये. प्रत्येक ईएक्सईच्या सुरुवातीला हेडर असतो, त्यात 'मला विंडोजचं कमीत कमी अमुक व्हर्जन लागेल' असा एक आकडा लिहिलेला असतो. एक्सपीचा आकडा ५.१, व्हिस्टाचा ६.०. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून कंपायलर (कोडचं ईएक्सई बनवणारा प्रोग्राम) स्वतःहूनच तिथे ६.० लिहायला लागला, त्यामुळे एक्सपी तो आकडा बघतो आणि दारातूनच परत पाठवतो. शिवाय भाच्याचा लॅपटॉप ६४ बिटचा असणार आणि तुमचा एक्सपी बहुतेक ३२ बिटचा, तेव्हाही हाच मेसेज येतो.

काही लोक हेक्स एडिटरने तो आकडा बदलतात. मग दुसरी एरर येते, 'प्रोसिजर एंट्री पॉइंट गेट-टिक-काउंट-६४ कुड नॉट बी लोकेटेड' अशा धर्तीची. खरी अडचण इथे आहे. पायथनचा रनटाईम, म्हणजे तुमची स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, स्वतः सगळं करत नाही, वेळ विचारायची, थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं) झोपवायचे, उठवायचे, रँडम आकडे आणायचे या सगळ्या गोष्टी तो विंडोजकडून मागून घेतो, आणि कुठल्या डीएलएलमधून (तयार फंक्शन्सची फाईल) कुठलं फंक्शन हवं त्याची यादी ईएक्सई आणि डीएलएलमध्येच असते. त्या यादीतलं एक जरी फंक्शन नसलं तरी विंडोजचा लोडर प्रोग्राम चालूच करत नाही, मग तुमच्या स्क्रिप्टला ते फंक्शन लागो न लागो. गेट-टिक-काउंट-६४ आलं व्हिस्टात, थ्रेडना एकमेकांसाठी थांबवायची साधनं, कंडिशन व्हेरिएबल आणि एसआरडब्ल्यू लॉक, तीही व्हिस्टातच. पायथन ३.९ विंडोज ७ वर चालत नाही त्याचंही कारण असंच, पाथ जोडायचं एक फंक्शन त्यांनी वापरलं जे विंडोज ८ पासून आहे.

मुद्दाम जुन्यांना वगळलं असं समजू नका. मायक्रोसॉफ्ट ज्या विंडोजला सपोर्ट देतं तिलाच आम्ही देणार असा पायथनवाल्यांचा लेखी नियम आहे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्याच्या तीनच आठवडे आधी पायथन ३.४ आलं होतं म्हणून ते एक्सपीवर चालतं, आणि २०१५ मधलं ३.५ चालत नाही. इतर भाषांचंही असंच, गो भाषेचं १.१० हे एक्सपीवरचं शेवटचं व्हर्जन, आणि १.२० विंडोज ७ वरचं.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला, पायथन ३.४.४ चा ३२ बिटचा इन्स्टॉलर घ्या. पायथनच्या अधिकृत साईटवर अजून मिळतो, आणि ३.४ मालिकेत तयार इन्स्टॉलर असलेलं हे शेवटचंच, त्यापुढची फक्त सोर्समध्ये आहेत. भाच्याला सांगा एफ-स्ट्रिंग काढून टाक, ती ३.६ ची आहे, तिथे साधं फॉरमॅट वापर. एसिंक वापरलं असेल तर तेही काढ, ते ३.५ चं. सीएसव्ही वाचून पाठवायच्या स्क्रिप्टमध्ये एवढ्या बदलाला अर्धा दिवस पुरेल. आणि पिप (लायब्ररी उतरवून घेणारा प्रोग्राम) वापरायचा असेल तर १९.१ च्या पुढचा घेऊ नका, १९.२ ने ३.४ ला सोडलं.

एक मात्र कळकळीने सांगतो. तो एक्सपी इंटरनेटला लावू नका, आणि शक्यतो ऑफिसच्या नेटवर्कलाही नको. शेअर्ड फोल्डर केला तर एक्सपीला एसएमबीचं, म्हणजे विंडोजच्या फोल्डर शेअर करायच्या पद्धतीचं, फक्त पहिलं व्हर्जन येतं, ते नवीन विंडोजमध्ये बंद असतं, आणि ते चालू करायचं म्हणजे सगळ्या ऑफिसचं दार उघडं ठेवायचं. त्यापेक्षा मागच्या सिरियल पोर्टला नल-मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर सरळ जोडणारी) लावा, दुसऱ्या टोकाला एखादा स्वस्त छोटा लिनक्स बोर्ड. एक्सपीवरची स्क्रिप्ट फक्त नवीन ओळी केबलवर ढकलेल, सर्व्हरशी बोलणं, पासवर्ड, एनक्रिप्शन सगळं त्या बोर्डवर नवीन पायथनमध्ये. एका हीटचं रीडिंग म्हणजे किती, दोन-तीनशे अक्षरं, ९६०० बॉडच्या संथ वेगालाही अर्ध्या सेकंदाच्या आत जातं.

आता भाच्याचा प्रश्न, पोर्ट होतं का. मी स्वतः एका कारखान्यासाठी पायथन ३.६ एक्सपीवर उतरवलं होतं, कारण त्यांना लागणारी एक लायब्ररी ३.४ वर चालत नव्हती. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ मध्ये एक्सपीसाठीचा वेगळा टूलसेट मिळतो, तो लावला की हेडरचा प्रश्न मिटतो. मग जी फंक्शन्स एक्सपीत नाहीत त्यांची आपली पर्यायी फंक्शन्स लिहायची, त्यांना शिम म्हणतात. गेट-टिक-काउंट-६४ चं काम काय तर मशीन चालू होऊन किती मिलिसेकंद झाले ते सांगायचं. एक्सपीत त्याचा जुना भाऊ आहे, गेट-टिक-काउंट, ३२ बिटचा. मी शिममध्ये एका ओळीत जुन्याला बोलावलं आणि उत्तर ६४ बिटमध्ये घालून परत दिलं. कंपाईल झालं, चाललं, आठवडाभर बघितलं, सगळं छान म्हणून मी घरी आलो.

पन्नासाव्या दिवशी फोन आला की प्रोग्राम गोठलाय. एरर नाही, स्क्रीन तशीच, फक्त पुढे काही होत नाही. त्यांनी पीसी रीस्टार्ट केला, चालू झालं, मी म्हटलं असेल काहीतरी. पुन्हा पन्नासाव्या दिवशी तेच. ३२ बिटमध्ये ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद मावतात, म्हणजे ४९ दिवस १७ तास, त्यानंतर आकडा परत शून्यावर येतो. माझा एक थ्रेड त्या क्षणाच्या दोन सेकंद आधी 'आत्तापासून पाच सेकंदांनी उठव' म्हणून झोपला, त्याची उठायची वेळ ३२ बिटच्या पलीकडे गेली, आणि माझं घड्याळ तिथपर्यंत कधी पोचणारच नव्हतं. कारखान्यातला पीसी कोणी रोज बंद करत नाही, म्हणून तिथे हे झालं.

याचं उत्तर पायथनच्या जुन्या सोर्समध्येच पडलेलं होतं, हे मला नंतर दिसलं. ३.४ मध्ये एक्सपीसाठी त्यांनी मागचा आकडा लक्षात ठेवला होता, नवीन आकडा त्याच्यापेक्षा लहान आला की 'एक फेरी झाली' अशी नोंद करायची आणि तेवढ्या फेऱ्या बेरजेत धरायच्या. दहा-बारा ओळी आहेत, ३.५ मध्ये एक्सपी सोडताना त्या काढून टाकल्या. पोर्ट करताना म्हणूनच मी आता आधी जुनं व्हर्जन उघडतो आणि काय काय काढलं ते ओळ-ओळ बघतो. कंडिशन व्हेरिएबलचंही तसंच, क्रिटिकल सेक्शन आणि सेमाफोर ही थ्रेड थांबवायची जुनी साधनं वापरून केलेलं एक्सपीवर चालणारं रूप पायथनच्या कोडमध्ये पुढेही बरीच वर्षं होतं, फक्त तो मार्ग निवडावा लागतो.

आणखी एक जागा फार छळते. एक्सपीत थ्रेडगणिक वेगळा असलेला डेटा मागाहून लोड केलेल्या डीएलएलमध्ये नीट चालत नाही, हे व्हिस्टात दुरुस्त झालं. पायथनची एक्स्टेन्शन्स (सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले जोड-भाग) सगळी मागाहूनच लोड होतात! सी++ मध्ये लिहिलेलं एक्स्टेन्शन नवीन कंपायलरने बांधलं की इम्पोर्ट होतं, सगळं बरं दिसतं, आणि पहिल्या वापराला प्रोग्राम पडतो. नवीन कंपायलर 'थ्रेड-सेफ स्टॅटिक' या सोयीसाठी हाच थ्रेडगणिक डेटा वापरतात, ती सोय बंद करायचा कंपायलरचा फ्लॅग आहे, तो लावून सगळी एक्स्टेन्शन्स परत बांधावी लागतात. त्यामुळे 'चालू झालं' म्हणजे पोर्ट झालं असं भाच्याने समजू नये. प्रोग्राम उघडलाच नाही तर निदान कळतं तरी, शिमने चुकीचं उत्तर दिलं तर ते पन्नास दिवसांनी कळतं, तेही दुसऱ्याच्या कारखान्यात.

प्रश्न: सर मी सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला प्रोजेक्ट म्हणून एखाद्या भाषेचा रनटाईम जुन्या ओएसवर पोर्ट करायचाय, पण गाईड म्हणतात याचा काय उपयोग, मशीन लर्निंग घे. सुरुवात कुठून करू, आणि हे खरंच वाया जाणारं काम आहे का? (एक विद्यार्थी)

उत्तर: अरे, वरचं पत्र गाईडना वाचायला दे. असे पीसी लॅबमध्ये, प्रेसमध्ये, सीएनसीच्या बाजूला किती आहेत ते एमआयडीसीत एक चक्कर मारलीस तर दिसेल.

आणि एक जुनी गोष्ट सांगतो. १९८९ च्या सुमारास अमेरिकेत डेटा जनरल कंपनीत डीजे डेलोरी नावाचा इंजिनिअर होता. तिथे एका युनिक्स ग्रुपच्या मीटिंगला जीएनयू प्रकल्पाचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन आले होते, त्यांना याने विचारलं की त्यांचा जीसीसी कंपायलर एमएस-डॉसवर आणणार का. स्टॉलमन म्हणाले होणार नाही, जीसीसी फार मोठा आहे आणि डॉस १६ बिटचं. डेलोरीने ते मनावर घेतलं. ३८६ प्रोसेसर ३२ बिटचा होताच, अडत होतं ते डॉसमुळे, म्हणून त्याने प्रोग्राम प्रोटेक्टेड मोडमध्ये चालवला आणि फाईल उघडणं, वाचणं वगैरे डॉसचं काम निघालं की तेवढ्यापुरतं खाली डॉसकडे जाऊन परत वर यायचं अशी सोय केली. त्यातून डीजेजीपीपी हा डॉससाठीचा कंपायलर-संच झाला. १९९६ चा क्वेक गेम डॉसवर चालला तो त्याच्याच जोरावर.

सुरुवात लुआ या छोट्या भाषेने कर. साधारण ३० हजार ओळींचं स्वच्छ सी आहे, ओएसकडून फार कमी मागतं, मिनजीडब्ल्यू या कंपायलरने एक्सपीसाठी किंवा डीजेजीपीपीने डॉससाठी एका संध्याकाळी बांधून होईल. ते झालं की लगेच पुढे पळू नकोस, लुआ ओएसला कुठे कुठे हात लावते ते शोधून यादी कर, घड्याळ, फाईलची नावं, तात्पुरत्या फाईली, डीएलएल लोड करणं. डॉसवर फाईलचं नाव आठ अधिक तीन अक्षरांचं, तिथे मोठ्या नावाचं मॉड्यूल मागितलं की काय होतं ते करून बघ, फार शिकशील. मग पायथन ३.६ घे. प्रत्येक फंक्शनसाठी कुठल्या विंडोजपासून आहे, इथे पर्याय काय दिला, पर्याय कुठे कमी पडतो हे वहीत लिही, आणि पायथनची स्वतःची टेस्ट सूट एक्सपीवर चालव. किती पास, किती नापास आणि नापास झालेली का झाली, एवढं नीट मांडलंस तरी रिपोर्ट भरेल, आणि व्हायव्हाला कोणी काहीही विचारू दे, तुला उत्तर येईल.

रस्टने सुरुवात करू नकोस. १.७८ पासून त्यांची कमीत कमी पायरी विंडोज १० झालीय, विंडोज ७ साठी वेगळं टार्गेट आहे पण ते कम्युनिटीच्या भरवशावर. ते पुढच्या वर्षीच्या पोराने पुढे न्यावं. आणि जुना पीसी वापरणार असशील तर प्रोसेसर बघून घे, पेंटियम ३ मध्ये एसएसई२ हा सूचनासंच नाही, आणि नवे कंपायलर ते आहेच असं धरून चालतात. तू दोन दिवस शिम तपासत बसशील आणि दोष सगळा प्रोसेसरचा असेल.

प्रश्न: आमच्या शाळेच्या लॅबमध्ये एक्सपीचे आठ पीसी आहेत, मुलांना पायथन ३.४ शिकवते. प्रिंटमध्ये 'नमस्कार' लिहिलं की काळ्या खिडकीत युनिकोड-एन्कोड-एरर येते. मुलांना मराठीतून उत्तर दिसावं अशी फार इच्छा आहे. (एक शिक्षिका, सिंधुदुर्ग)

उत्तर: मॅडम, तुमची मुलं बरोबर आहेत. ती काळी खिडकी ४३७ किंवा तसल्याच जुन्या कोडपेजवर (अक्षरांच्या ठरलेल्या यादीवर) असते, त्यात देवनागरी नाहीच, म्हणून पायथन हात वर करतं. पायथनने खिडकीशी सरळ युनिकोडमध्ये बोलायला ३.६ पासून सुरुवात केली, आणि तसं केलं तरी एक्सपीच्या त्या खिडकीला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत.

तिचा नाद सोडा. आधी कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल सेटिंग्जच्या लँग्वेजेस टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खुणेवर टिक करा. एक्सपीची सीडी मागेल, सीडी नसेल तर आय३८६ फोल्डर पेन ड्राईव्हवर आणून त्याचा रस्ता दाखवा. हे न करताच देवनागरी बघितलं तर 'नमस्कार' मधला स आणि का सुटे दिसतात, मध्ये हलन्त, तेव्हा प्रोग्राममध्ये चूक शोधत बसू नका. मग प्रिंटच्या ऐवजी मुलांना फाईलमध्ये लिहायला लावा, फाईल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. त्यातल्या 'सिग' मुळे फाईलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सपीचं नोटपॅड ती फाईल युनिकोड म्हणून ओळखतं. फॉन्ट मंगल ठेवा, साईझ १६, म्हणजे मागच्या बाकावरूनही दिसेल.