बुबुळातली बुरशी: नॅटामायसिन की व्होरिकोनाझोल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांच्या डोळ्याला ऊसतोडीत पातं लागलं, आठवडाभर मेडिकलमधून आणलेले थेंब घातले, आता बुबुळावर पांढरा डाग आहे. खरवडून केलेल्या तपासणीत बुरशी निघाली आणि डॉक्टरांनी नॅटामायसिन लिहून दिलं. व्होरिकोनाझोल नवीन आणि महाग आहे, मग तेच का नको?

इथे जुनंच औषध सरस आहे, आणि ते नीट चाचणी करून ठरलेलं आहे. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या 'मट-१' चाचणीत बुरशीचा अल्सर (बुबुळावरची जखम) असलेल्या तीनशेहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं: एकाला ५ टक्के नॅटामायसिन, दुसऱ्याला १ टक्का व्होरिकोनाझोल. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. तीन महिन्यांनी नॅटामायसिनवाल्यांची नजर सरासरी (नजर तपासायच्या तक्त्यावरच्या) जवळजवळ दोन ओळींनी चांगली होती आणि बुबुळ फुटण्याचं किंवा तातडीने बदलावं लागण्याचं प्रमाणही कमी होतं. सगळा फरक पडला तो फ्युजेरियम या बुरशीत. तिथे अंतर चार ओळींचं होतं. बाकीच्या बुरशींत दोन्ही औषधं सारखीच ठरली. शेतातल्या इजेत फ्युजेरियम वारंवार सापडते, त्यामुळे कल्चरचा (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ती ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायच्या आधी नॅटामायसिन सुरू करणं शहाणपणाचं.

व्होरिकोनाझोलच्या गोळ्यांचंही तसंच. 'मट-२' मध्ये २४० गंभीर रुग्णांत थेंबांच्या जोडीला गोळ्या देऊन पाहिल्या. बुबुळ फुटणं काही थांबलं नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. संसर्ग खोलवर असेल तर डॉक्टर तरीही गोळ्या देतात, त्यात चूक नाही. पण त्या काळात लिव्हरच्या तपासण्या करून घ्या.

आता वापराचं, कारण बिघडतं ते इथेच. नॅटामायसिन पाण्यात विरघळत नाही, बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो. दर वेळी जोरात हलवल्याशिवाय घातलं तर डोळ्यात नुसतं पाणीच जातं. चाचणीत पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, मग तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन तासांनी, असं वेळापत्रक होतं. 'दिवसातून चारदा' ही सवय इथे चालत नाही. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. थेंब घातल्यावर जखमेवर पांढरी पूड चिकटलेली दिसते. ती औषधाची असते. पू समजून बोळ्याने पुसत बसू नका. औषध बुबुळात फारसं झिरपत नाही, म्हणून डॉक्टर मधूनमधून वरचा थर खरवडतात. उपचार बिघडल्याची ती खूण नव्हे.

मेडिकलमधली ती पहिली बाटली आजच शोधून काढा. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. बाटली उद्या डॉक्टरांना दाखवा आणि किती दिवस घातलं ते सांगा. लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश होतो आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. जिवाणूंच्या अल्सरमध्येसुद्धा, अँटिबायोटिक चालू ठेवून, ५०० रुग्णांवर स्टिरॉइड तपासलं गेलं होतं (२०१२). तीन महिन्यांनी एकूण नजरेत फायदा दिसला नाही. बुरशीत तर विषयच सोडा. तूप, मध, दूध, झाडपाला यांपैकी काहीही डोळ्यात जाता कामा नये.

पहिल्या आठवड्यात डाग लहान झाला नाही तरी घाबरू नका. तो वाढायचा थांबला आणि कडा बोथट झाल्या तर औषध लागू पडतंय. भरून यायला कित्येक आठवडे जातात. बरं झाल्यावरही बुबुळावर फूल राहू शकतं. ते किती आड येतं, हे डाग मध्यावर आहे की कडेला, त्यावर ठरतं.

अचानक डोळ्यातून गरम पाणी वाहिलं आणि ठणका एकदम कमी झाला, तर तो आराम नाही. बुबुळ फुटलेलं असू शकतं. डोळा न दाबता वरून कडक कवच किंवा कागदी कपाचा तळ लावा आणि रात्र असली तरी निघा.