ग्राहक, ग्राही की संवेदक?

प्रश्न असा आहे: ‘मेंदूतील इस्ट्रोजेन रिसेप्टर’ मराठीत लिहायचे तर रिसेप्टरला ग्राहक म्हणावे, ग्राही की संवेदक? आणि इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे संप्रेरक (हॉर्मोन) मानले जाते, म्हणून ‘स्त्री-संप्रेरक ग्राही’ असे लिहिले तर चालेल का?

माझा कौल ग्राहीला.

आधी संवेदक बाजूला काढू, कारण खरा घोळ तिथे आहे. रिसेप्टर या एकाच नावाने दोन निराळ्या गोष्टी ओळखल्या जातात. डोळ्यातली प्रकाश टिपणारी पेशी हा रिसेप्टर, आणि एखादा ठरावीक रेणू ज्याच्यात नेमका बसतो ते प्रथिनही रिसेप्टरच. पहिलीला संवेदक शोभतो. इस्ट्रोजेनच्या बाबतीत मात्र संवेदना कसलीच नसते. हा रेणू मेदात विरघळणारा, म्हणून चेतापेशीचे आवरण ओलांडून आत शिरतो आणि तिथल्या प्रथिनाला बिलगतो. मग ती जोडी डीएनएवर जाऊन काही जनुकांचे काम वाढवते, काहींचे मंदावते. काही ग्राही आवरणावरही असतात. त्यांचा परिणाम फार लवकर दिसतो. दोन्हीकडे क्रिया धरण्याचीच, म्हणजे ‘ग्रह्’ धातूची.

ग्राहकही त्याच धातूतला, व्याकरणाने निर्दोष. पण ‘मेंदूत इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात’ हे वाचताना डोळ्यांपुढे गिऱ्हाईक उभे राहते. आयुर्वेदात ग्राही म्हणजे मल बांधून ठेवणारे द्रव्य. तो संदर्भ इतका वेगळा की गल्लत होऊ नये.

ग्राहीची एक अडचण मात्र खरी आहे, विभक्तीची. प्राणी-प्राण्याला, तसे ग्राही-ग्राह्याला. आणि ग्राह्य म्हणजे तर स्वीकारण्याजोगे! म्हणून मी सरळ ‘ग्राही प्रथिन’ लिहितो. ते प्रथिनच असते, आणि ‘ग्राही प्रथिनाला’ म्हणताना जीभही अडखळत नाही.

‘स्त्री-संप्रेरक ग्राही’ मात्र कृपया टाळा. इस्ट्रोजेनची ग्राही प्रथिने पुरुषाच्या मेंदूतही असतात. इतकेच नव्हे, अ‍ॅरोमाटेज हे विकर (एन्झाइम) तिथल्या तिथे टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवते. अँड्रोजेनची (टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांची) ग्राही प्रथिने स्त्रियांच्या मेंदूतही असतातच. त्यामुळे संप्रेरकाचे नाव घ्यावे: इस्ट्रोजेन ग्राही, अँड्रोजेन ग्राही, प्रोजेस्टेरॉन ग्राही. सगळ्यांना मिळून ‘प्रजनन संप्रेरकांची ग्राही प्रथिने’. इस्ट्रोजेनच्या ग्राही प्रथिनांचे अल्फा आणि बीटा हे दोन प्रकार आहेत (बीटा 1996 मध्ये सापडला), ती नावे आहेत तशीच ठेवा.

संप्रेरक या शब्दाला मात्र हात लावू नका. 1905 मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी हॉर्मोन हा शब्द वापरात आणला, तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपल्या ‘प्रेरणे’त नेमका तोच अर्थ आहे.