खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं पाणी किती आणि किती दिवसांनी बदलावं?

तुमची टाकी १२० लिटरची, दोन क्लाउनफिश, थोडे कोरल (प्रवाळ). कुणी सांगितलं आठवड्याला १० टक्के पाणी बदला, कुणी सांगितलं बदलूच नका, बदललं की कोरल मरतात. तुमचा प्रश्न साधा आहे, पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मला राहवलं नाही. ते मी घरात इतक्यांदा ऐकलंय की कुणी झोपेत म्हटलं तरी मी उठून भांडेन.

माझे धाकटे दीर. टाकी त्यांनी आणि आम्ही साधारण एकाच सुमारास सुरू केली. त्यांची मोठी, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) दणदणीत, दिवे बघण्यासारखे. मी दर आठवड्याला एक बादली पाणी काढणार, एक बादली घालणार. त्यावरून मी सगळ्या नातेवाइकांत ‘बादलीवाल्या वहिनी’ झाले. भाऊजींचं म्हणणं, समुद्रातलं पाणी कोण बदलतं? (समुद्रात दर ६० लिटरमागे एक मासा नसतो आणि त्याला कुणी सकाळ-संध्याकाळ खायला घालत नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.) त्यांची टाकी बरेच दिवस छान चालली, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

मग त्यांच्याकडे काचेवर, दगडांवर शेवाळ धरायला लागलं. मी त्यांचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि तपासलं. नायट्रेटच्या किटचा रंग शेवटच्या खान्यापर्यंत गेला, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, जेमतेम ६ डीकेएच (हे तिचं माप, अंशांत). यात नवल काही नाही. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्च होते, वर कोरल आपला सांगाडा बांधायला तीच वापरतात. नायट्रेट चढलेलं आणि अल्कलिनिटी उतरलेली अशी जोडी जुन्या, न बदललेल्या पाण्यात नेहमी दिसते. मी त्यांना म्हटलं, भाऊजी, आता थोडं थोडं बदलायला लागा.

थोडं थोडं! त्यांनी एका दुपारी ७० टक्के पाणी बदललं. मासे मजेत होते. अ‍ॅक्रोपोराची (हा फांद्या फुटणारा कठीण कोरल) टोकं मात्र पांढरी पडली, मग बुडाकडून कातडी सुटत गेली आणि नुसता सांगाडा उरला. रात्री फोन आला, “वहिनी, तुमच्या नादानं पाणी बदललं आणि टाकीचं वाटोळं झालं.”

त्यांच्या पिंपात कालवलेलं पाणी थोडं उरलं होतं. मी जाऊन तेही तपासलं. ११.५ डीकेएच. आता तुम्हीच गणित करा. ६ चं ३० टक्के आणि ११.५ चं ७० टक्के, बेरीज ९.८५. म्हणजे एका दुपारीत जवळजवळ चार अंशांची उडी. ज्यांनी आपला सगळा कारभार ६ वर बेतून घेतला होता, ते कोरल ही उडी कशी सोसणार? त्यांनी १० टक्केच बदललं असतं तर अल्कलिनिटी ६.५५ झाली असती आणि कोरलांना पत्ताही लागला नसता. कोरल पाणी बदलल्यानं मेले नाहीत. ते आधी न बदलल्यानं आणि मग एकदम बदलल्यानं मेले. हे मी कागदावर मांडून दाखवलं. भाऊजी म्हणाले, “आकडे कशाला दाखवता, डोळ्यांना दिसतंय की.” आमच्या ह्यांनी पेपर वर धरला.

तेव्हा तुमच्यासाठी: दगड आणि वाळू वजा जाता तुमच्या टाकीत पाणी १०० लिटरच्या आसपास असेल. आठवड्याला १० लिटर काढा. आटलेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणी घालणं वेगळं, ते यात धरू नका. नव्या पाण्यात लिटरमागे ३५ ते ४० ग्रॅम मीठ, क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे घनता १.०२६ च्या आसपास. अर्थात तुमच्या टाकीतल्या पाण्याची क्षारता जितकी असेल तितकीच नव्या पाण्याची ठेवा. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं. पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून काही तास फिरू द्या, तापमान जुळवा. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावून घ्या, नुसत्या गोड्या पाण्यावर शून्य करून तिकडे ३५ ला बरोबर दाखवेल याची खात्री नसते. आणि मिठाची पिशवी बदलली की कालवलेल्या पाण्याची अल्कलिनिटी एकदा बघा. सगळी मिठं सारखी नसतात.

महिन्यातून एकदाच जास्त काढलं तर कष्ट वाचतात, असंही कुणी सांगेल. १० टक्के तीनदा बदललं तर साठलेल्या नायट्रेटपैकी २७ टक्के जातं, ३० टक्के एकदम बदललं तर ३०. फरक एवढाच. तीन टक्क्यांसाठी कोरलांना हिसका कशाला द्यायचा?

पण एक गोष्ट बादलीवाल्या वहिनींनीही कबूल केली पाहिजे. पाणी बदलणं हा नायट्रेटवरचा रामबाण नाही. शाळेतलं तोटी चालू असलेल्या गळक्या हौदाचं गणित आठवा. खाण्यातून आठवड्याला ५ पीपीएम (दहा लाख भागांत ५ भाग) नायट्रेट वाढत असेल आणि तुम्ही १० टक्के पाणी बदलत असाल, तर आकडा चढत चढत ५० च्या आसपास जाऊन थांबतो. २० टक्के बदललं तर २५ ला. त्याखाली आणायचं तर खाणं कमी करा, स्किमर नीट चालवा, सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत) कीटोमॉर्फा हे नायट्रेट शोषणारं शेवाळ वाढवा. आणि शून्याच्या मागे लागू नका. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही पार संपले की डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांची तपकिरी बुळबुळ धरते आणि ती शेवाळापेक्षा चिवट असते.

हे सगळं कोरल असलेल्या टाकीबद्दल. नुसते मासे असतील तर पंधरवड्याला १५-२० टक्केही चालतं. अमोनिया दिसला किंवा टाकीत काही विषारी सांडलं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि क्षारता-तापमान जुळवून निम्मं पाणी लगेच बदला. तिथे अल्कलिनिटीची उडी परवडते, अमोनिया परवडत नाही.

पाणी न बदलता टाकी चालवणारेही आहेत, चांगली चालवतात. पण ती माणसं अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम सारखं मोजतात आणि कमी पडेल ते मोजून घालतात. तुम्हाला “बदलूच नका” म्हणणाऱ्याला विचारा, त्याच्या टाकीत आज अल्कलिनिटी किती आहे. आकडा सांगितला तर जरूर ऐका. नाही सांगितला तर बहुतेक ते आमचे भाऊजीच असतील, त्यांना माझा नमस्कार कळवा.