दिवेलागणीला आई कन्नडमध्ये घर मागते

(बेळगावात वयस्कांसाठी बारा खाटांचं सेवाघर चालवणाऱ्या परिचारिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आई 79 वर्षांची आहे. माहेर गोकाककडचं, तिथं सगळं कन्नड. लग्न करून निपाणीला आली आणि मराठीच होऊन गेली, आम्हा भावंडांशी कधी कन्नडमध्ये बोलली नाही. पन्नास वर्षं तिनं विड्या वळल्या. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. गेल्या दिवाळीपासून ती बेळगावच्या एका लहान सेवाघरात आहे. आता मराठी तोंडातून निघतच नाही. दिवे लागले की दाराशी उभी राहून "मनिगि होगबेक, मनिगि होगबेक" (घरी जायचंय) करते. घर म्हणजे माहेर. मी सांगते, "आई, तुझे आई-वडील जाऊन चाळीस वर्षं झाली," की ढसाढसा रडते. पुढच्या भेटीला परत तेच. भाऊ म्हणतो, ओळखतच नाही तर जायचं कशाला? तिथल्या बाई म्हणतात, दिवसभर साडीचे दोरे उसवते, संध्याकाळी शांत राहायची गोळी सुरू करू. मी काय करू? — एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, हात जोडून सांगते, आई-वडील गेल्याचं तिला आता सांगू नका. तुमच्या लेखी ती चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तिला मात्र ती दर वेळी नव्यानं कळते. रडून होतं, मग का रडलो ते विसरतं आणि दुःख तेवढं अंगात राहतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. आमच्याकडे वडगावचे एक मागवाले (विणकर) आजोबा होते. रोज बायकोला विचारायचे. खोटं कशाला बोलायचं म्हणून मी रोज सांगायची, "आजोबा, त्या वारल्या." तीन आठवडे असं चाललं आणि आजोबांनी जेवण टाकलं. मग एक दिवस मी विचारलं, "आजीबाई कांड्या भरायच्या का हो?" अर्धा तास बोलत होते. त्या रात्री भाकरी खाल्ली. खोटं मी काहीच बोलले नव्हते.

तुमची आई घर मागते तेव्हा तिला भीती वाटत असते, थकवा आलेला असतो, कधी लघवीला लागलेली असते. तेव्हा विचारायचं तिच्याच बोलीत : "अव्वा, ऊटा आतेन?" (आई, जेवण झालं का?) जवळ खुर्ची ओढून म्हणायचं, "बा, कुंद्रु" (ये, बस). एवढी दोन वाक्यं तुम्हाला येत असतीलच, निपाणीत राहून कानावर पडतातच. मराठी तिची नंतर शिकलेली भाषा. या आजारात बऱ्याचदा नंतरचं आधी जातं आणि लहानपणचं शेवटपर्यंत टिकतं. मराठी गेली म्हणून लेकीवरची माया गेली असं मनात आणू नका. आपल्या भागात हे घराघरांत होणार आहे, कारण इथं माहेर एका भाषेत आणि सासर दुसऱ्या भाषेत अशा बायका कितीतरी. म्हणून आम्ही दाखल करून घेतानाच विचारतो, लहानपणी कुठली बोली होती, आई कुठल्या नावानं हाक मारायची. ते मोठ्या अक्षरांत खाटेच्या वर लावतो, रात्रीच्या बाईलाही वाचता यावं म्हणून मराठी-कन्नड दोन्हीत. तुमच्या आईचं माहेरचं नाव तिथं कुणाला माहीत आहे का? विचारून बघा.

आमचे एक निवृत्त मास्तर आहेत. 1956 साली राज्यं बदलली तेव्हा ते शाळकरी पोर होते. आजही पत्राच्या कोपऱ्यात 'बेळगाव, मुंबई राज्य' लिहितात. आम्ही पत्र घेतो, जपून ठेवतो. त्यांना दुरुस्त करण्यात कुणाचं काय भलं आहे?

संध्याकाळचं तर नीट बघाच. उजेड उतरला, सावल्या लांबल्या की असे पेशंट अस्वस्थ होतात. आपल्याकडं जुलै-ऑगस्टच्या झडीत चार वाजताच अंधारून येतं. आम्ही पावसाळ्यात साडेतीनला दिवे लावतो, पडदे ओढतो, सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणतो, मग चहा. लाइट गेली तर खोलीत अंधार होऊ नये म्हणून इन्व्हर्टरवर आधी त्यांच्या खोल्या घेतल्यात. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देत नाही.

आता ते दोरे. पन्नास वर्षं ज्या हातांनी दोरा गुंडाळला, ते हात रिकामे कसे बसतील? आमच्याकडं एक विडीवाल्या आज्जी होत्या. त्यांचंही असंच, पदर कुरतडायच्या. आमच्या पोरीनं सुपात कागदाचे विडीच्या पानाएवढे तुकडे आणि दोऱ्याचं रीळ ठेवलं, जर्दा अर्थातच नाही. आज्जींनी एक तुकडा उचलला, डाव्या हाताच्या बोटांत धरून अंगठ्यानं गुंडाळला, दोऱ्याचे दोन वेढे दिले, तोंड नखानं मुडपून आत दाबलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. आपलं नाव त्यांना सांगता येत नव्हतं. पंचवीस झाल्या की जुडी बांधायच्या आणि मान वर करून बघायच्या, मोजून घ्या म्हणून. आम्ही मोजायचो. तुम्ही पुढच्या वेळी जाताना घरातलं तिचं सूप घेऊन जा. फक्त कागद-दोरा तोंडात घालते का यावर कुणीतरी नजर ठेवायची.

गोळीबद्दल मी कडक बोलणार आहे. शांत राहण्यासाठी म्हणून ज्या मनोविकाराच्या गोळ्या देतात, त्यांनी डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) म्हाताऱ्या माणसांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी कधी त्या लागतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि थोड्या दिवसांसाठी. दोरे उसवण्यासाठी नाहीत. आणि ती दोन-चार दिवसांत एकाएकी बिघडली, भ्रमिष्टासारखी करू लागली, तर आधी लघवीची तपासणी करा. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, दुखणारा दात, यातलं काहीही असू शकतं आणि ते बरं होण्यासारखं असतं. तीन वर्षांपूर्वी बी-12 आणि थायरॉइड बघितलं होतं का, तेही जुन्या फायलीत शोधा.

भावाला सांगा, भेट विसरली जाते, भेटीतलं बरं वाटणं काही वेळ राहतं. ते मी रोज बघते.

प्रश्न : वडील रात्री उठून फिरतात. सेवाघरवाले त्यांना खुर्चीला साडीनं बांधून ठेवतात, म्हणतात पडू नयेत म्हणून. बरोबर आहे का? — खानापूर

उत्तर : नाही. बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं आणि जास्त जोरात पडतं, बसून बसून जखमा होतात, पाय जातात. खाट जमिनीलगत करायला सांगा, संडासच्या वाटेवर रात्रभर दिवा. रात्री उठतात म्हणजे दिवसा चालणं कमी पडतंय किंवा लघवीला जायचंय. पूर्वी कितीला उठायचे? धारा काढणारा माणूस पहाटे चारला उठणारच, त्याला चहा द्या आणि सोबतीनं दोन फेऱ्या मारू द्या. शर्टाच्या आतल्या खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर कन्नड-मराठीत शिवून टाका. बेळगाव स्टँडवर दोन्ही राज्यांच्या गाड्या लागतात. चुकून बसले तर धारवाडकडं निघतील की कोल्हापूरकडं, कुणी सांगावं? एवढं सांगूनही बांधणं थांबलं नाही तर वडिलांना तिथून हलवा. जागा बघायला जाल तेव्हा न सांगता जा, संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला, आणि रात्री किती माणसांमागं किती बायका असतात ते विचारा.

प्रश्न : सासूबाई घास तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. भरवायचं कसं? — चिकोडी

उत्तर : ताठ बसवून, समोर बसून, लहान चमच्यानं. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. तुम्हीही त्यांच्यासमोर एक घास खा, बघून गिळतात. मऊ भात आमटीत कालवून द्या, कोरडी भाकरी-चुरमुरे बंद. पाण्यानं ठसका लागत असेल किंवा जेवताना आवाज घोगरा होत असेल तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, आणि तोंडात काही उरलंय का ते बोटाला ओला कपडा गुंडाळून बघायचं.