वापरलेली पोर्शे ९११ घेताना किंमत, वेग आणि घसारा यांचा हिशेब कसा मांडावा?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत २००५ ते २०१२ दरम्यानची वापरलेली पोर्शे ९११ घेतल्यास तिची किंमत पुढे किती उतरेल आणि त्या पैशांत तशी कामगिरी खरोखर मिळेल का. ही ९९७ नावाने ओळखली जाणारी पिढी. तिचा मोठा घसारा पहिल्या एक-दोन मालकांनी केव्हाच सोसला आहे, त्यामुळे आपण हिशेब मांडायचा तो मुख्यतः इंजिनाच्या प्रकृतीचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामगिरीबद्दल शंका नको. २००५ च्या कॅरेरा एस या ९११ च्या आवृत्तीत ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे, ३५५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. वजन सुमारे १,४२० किलो, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला ४.८ सेकंद आणि कमाल वेग ताशी २९३ किलोमीटर. आज अनेक विजेवरच्या गाड्या यापेक्षा लवकर वेग घेतात, तरीही या गाडीला मागणी टिकून आहे, कारण तिचे स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, आहे आणि पुढच्या पिढीपासून ते विजेवर चालू लागले. रस्ता हाताला जाणवणे ज्यांना महत्त्वाचे वाटते, ते त्यासाठी पैसे मोजतात. हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांना जास्त भाव मिळतो, तोही याच कारणाने.

आता इंजिन. कॅरेरा एसची २००५ मधली मूळ किंमत, जादा सोयी धरल्याविना, ७९,१०० डॉलर होती. पुढे या गाड्यांचा, आणि त्याहून अधिक आधीच्या ९९६ पिढीचा, भाव कोसळला (९९६ काही काळ २०,००० डॉलरच्या आतही मिळे), त्यात वयाइतकाच धास्तीचाही वाटा होता. इंजिनाच्या मुख्य दांड्याची गती झडपांच्या यंत्रणेपर्यंत पोचवणाऱ्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग तुटले की बहुतेक वेळा अख्खे इंजिनच जाते. २००१ ते २००५ दरम्यान बनलेल्या गाड्यांबाबत अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. २००५ नंतरच्या इंजिनांत कंपनीने मोठे बेअरिंग बसवले. ते बरेच टिकाऊ आहे, मात्र इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलता येत नाही. दुसरे दुखणे सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचे, आणि ३.८ लिटरच्या इंजिनात ते अधिक दिसते. थंड इंजिनातून टकटक आवाज येणे, तेल जास्त लागणे, एकाच बाजूच्या सायलेन्सरला काजळी धरणे, ही त्याची लक्षणे होत. २००९ च्या मॉडेलपासून कॅरेरात नवे इंजिन आले आणि त्यात तो शाफ्टच नाही. ९९७ पिढीतल्या टर्बो आणि जीटी३ या अधिक ताकदवान आवृत्त्या बेअरिंगच्या या दुखण्यापासून मुक्त आहेत, पण त्यांचा भाव वेगळ्याच पातळीवर आहे.

म्हणून जास्त पैसे पडले तरी २००९ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची गाडी घ्यावी, असे मी सांगेन. त्याआधीचीच घ्यायची झाल्यास स्वतंत्र आणि पोर्शेचा अनुभव असलेल्या मेकॅनिककडून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून तपासणी करून घ्यावी, आणि इंजिनाच्या संगणकातील मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांची नोंद मागावी. चुकीचा गिअर टाकून इंजिन किती ताणले गेले, हे त्यातून कळते. विक्रेता या तपासणीला नकार देत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी. केवळ कमी मैल पाहून भुलू नये, कारण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे सील आणि टायर कडक होतात, तर नियमित चालवलेली आणि तेल बदलल्याच्या पावत्या असलेली गाडी पुष्कळदा अधिक भरवशाची निघते.

खरेदीच्या रकमेखेरीज दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला असावी, कारण गाडीचा भाव निम्म्यावर आला तरी ब्रेक, क्लच आणि सुटे भाग महागड्या गाडीच्याच दराने मिळतात. आणखी एक: पुढेमागे भारतात परतताना ही गाडी सोबत नेण्याचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडावा. तीन वर्षांहून जुनी किंवा डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची वापरलेली गाडी भारतात आयात करू दिली जात नाही, त्यामुळे विक्री अमेरिकेतच करावी लागेल आणि तेव्हा तपासणीचा अहवाल व पावत्या जपून ठेवलेल्या असल्यास आपल्याला चांगला भाव मागता येईल.